दोरावरचा वंचक

"मॅडम, उडायच्या आधी पक्षी शिटतात का?"

प्रश्न विचारून श्रुतिका उभीच राहिली. विचारून झाल्यावर खाली बसायचं असतं, हे ती साफ विसरली. शाळेच्या हॉलमध्ये मागच्या रांगांमधून जो हशा फुटला तो थेट स्टेजच्या पडद्यावर जाऊन आपटला. पद्मजा टीचरांनी कपाळाला हात लावला.

खरं म्हणजे प्रश्न तिचा नव्हताच. पैज वर्गातल्या केयूरने लावली होती आणि तिच्या जिवलग मैत्रिणीने, श्वेताने, तिला मागून ढोसलं होतं. आठवीपर्यंत ही पोरगी हजेरीला 'येस टीचर' म्हणायची तेसुद्धा शेजारणीला ऐकू जायचं नाही. नववीत काय झालं कोण जाणे. सोसायटीच्या गणपतीत निवेदनाला कुणी उभं राहीना म्हणून तिच्या हातात माईक कोंबला, आणि आरती सुरू झाली तरी तिने तो परत दिला नाही. तिथून पुढे श्रुतिका तळवडेकरला आपला आवाज सापडला. आता एवढ्या वर्षांनी सापडलेली वस्तू कुणी कपाटात ठेवतं का? ती रिक्षावाल्यांशी वाद घालू लागली, सायन्सच्या सरांना 'का पण?' असं विचारू लागली, आणि कुणी 'हिंमत आहे का' म्हटलं की संपलंच.

स्टेजवर उभ्या असलेल्या आयव्ही परेरा मात्र हसल्या नाहीत. बाई मरोळ गावठाणातल्या, याच शाळेत शिकलेल्या. आठवडाभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायचे, आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून पक्ष्यांमागे फिरायचं, असा त्यांचा संसार. शाळेच्या निसर्ग मंडळाने त्यांना फोटो दाखवायला बोलावलं होतं.

"पुष्कळ वेळा," त्या म्हणाल्या. "वजन कमी करून निघतात. माझे निम्मे चांगले फोटो त्याच खुणेवर आलेत. एवढी वर्षं शाळांमधून बोलते आहे, पण हे कुणी विचारलं नव्हतं. नाव काय तुझं?"

हशा थांबला. केयूरचं तोंड उघडंच राहिलं.

मग मॅडमनी सगळं सांगितलं. उडायच्या आधी पक्षी वाऱ्याकडे तोंड करतो, मान आत घेतो, गुडघ्यात किंचित वाकतो, आणि बऱ्याचदा शिटतो. बसलेल्या पक्ष्याचा फोटो कुणीही काढेल, त्याला फक्त पक्षी आणि धीर लागतो. उडत्या पक्ष्याचा फोटो मात्र पक्षी उडायच्या आधीच सुरू होतो. आणि त्यातही डोळा स्पष्ट यायला हवा. डोळा धूसर असेल तर पंख कितीही सुंदर असोत, तो फोटो नव्हे, नुसता धूर.

प्रजासत्ताक दिनाला मंडळाचं प्रदर्शन भरायचं होतं. मॅडमनी आपले फोटो दिलेच होते, पण एक चौकट मुद्दाम रिकामी आणली होती. त्यात शाळेतल्या कुणीतरी स्वतः काढलेला उडता पक्षी लावायचा. अट एकच, खायला घालून बोलावलेला पक्षी नको. "गाठ्यांवर झेपावणारा सीगल म्हणजे रेशनच्या रांगेतला माणूस," त्या म्हणाल्या. "तो उडत नसतो, नंबर लावत असतो. शिवाय ते तेलकट, खारट खाणं त्याच्या पोटाला बाधतं ते वेगळंच. कोण भरणार ही चौकट?"

श्रुतिका अजून उभीच होती. "मी," ती म्हणाली.

हे मात्र कुणी पैजेने म्हणायला लावलं नव्हतं.

पद्मजा टीचर कामाच्या बाबतीत भारीच तत्पर. मधली सुट्टी व्हायच्या आत मुख्य जिन्यासमोरच्या भिंतीवर ती रिकामी चौकट लागली, आणि तिच्याखाली छापील पट्टीही. 'छायाचित्र : श्रुतिका तळवडेकर, नववी ब'. वर कोरी भिंत, खाली नाव. संध्याकाळपर्यंत केयूरने त्या चौकटीत तोंड घालून घुबडाचं सोंग करून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून येणारा-जाणारा विचारायला लागला, काय गं, तुझा पक्षी उडून गेला वाटतं?

ती हसून उत्तरं द्यायची. पण जिना चढताना एकटी असली की ती चौकटीकडे न बघता भराभर वर जायची. चौकट रिकामी राहिली तर आपण पुन्हा तिसऱ्या बाकावरची, कुणाला ऐकू न जाणारी मुलगी होऊ, असं तिला मनापासून वाटायचं. सापडलेला आवाज पुन्हा हरवूही शकतो, हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिने श्वेतालासुद्धा सांगितलं नव्हतं.

घरी कॅमेऱ्याला तोटा नव्हता. तिचे पप्पा, नंदू तळवडेकर, म्हणजे मरोळपासून साकीनाक्यापर्यंतच्या लग्नांचे फोटोवाले. गावठाणातल्या ख्रिश्चन लग्नांनाही तेच, आणि कोकणातून आलेल्या घरांच्या लग्नांनाही तेच. एरवी नाक्यावरच्या दुकानात ते पासपोर्टचे फोटो काढत. आई, माधुरी, मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीत माल तपासायच्या कामावर. तिला सुट्टी रविवारची, आणि लग्नं असायची नेमकी रविवारी. त्यामुळे कॅमेरा ही वस्तू आईच्या लेखी सवतच होती. "लग्नं लोकांची आणि रविवार माझे गेले," असं ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, आणि पप्पा त्यावर लेन्स पुसत बसायचे.

लेकीने कॅमेरा मागितला तेव्हा पप्पांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी आपला जुना कॅमेरा काढला, त्याला लग्नातली लांब लेन्स लावली, पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि दोन्ही खांदे धरून तिला न्याहाळलं, जणू पाठवणीच चालली होती. आईने तेवढ्यात दहावीच्या व्हेकेशन बॅचची आठवण करून दिली. फोटो काढून कुणाचं गणित सुधारलंय का, असंही विचारलं. पप्पा म्हणाले, गणितच आहे गो ते सगळं.

पहिला धडा गच्चीवर झाला, कबुतरांवर. पप्पा पंचवीस वर्षं लग्नात उभे राहिलेले. श्रुतिकाने कॅमेरा डोळ्याला लावला की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "रेडी? वन, टू..." आणि 'टू'ला सगळी कबुतरं पलीकडच्या इमारतीवर. त्या दिवशी श्रुतिकाकडे रिकाम्या कठड्यांचे अतिशय स्वच्छ, रेखीव फोटो जमा झाले. एकात कठड्यावर ताजी शीट होती. तिने मोठ्या अभिमानाने ती आईला दाखवली. खूण तरी मिळाली, ती म्हणाली. आईने जेवताना असले फोटो दाखवू नकोस म्हणून ताट उचलून दुसरीकडे नेलं.

मग विमानं झाली. मरोळमध्ये विमानांना काय कमी? पण विमान फार गुणी, सरळ रेषेत येतं आणि सरळ जातं, त्याचा सराव करून घारीचा फोटो येत नाही. घार येते, वळते, आणि आपण तिला कॅमेऱ्यात शोधेपर्यंत निळं आकाश तेवढं शिल्लक राहतं. शेवटी पप्पांनीच रिक्षांची युक्ती काढली. दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापलीकडे न्यायचा, येणाऱ्या रिक्षावाल्याचा डोळा पकडायचा आणि कमरेतून वळत त्याच्या मागे जायचं. पाय हलवायचे नाहीत, श्वास सोडायचा नाही. नाक्यावरचे रिक्षावाले आधी बिचकले. ही पोरगी वाहतूक पोलिसांची माणूस आहे अशी एक अफवाही पसरली. नंतर मात्र ते तिच्यासमोरून जाताना केसांवरून हात फिरवू लागले. रिक्षावाल्यांचे डोळे तिला पंधरवड्यात स्पष्ट येऊ लागले. अर्धे तिच्याकडेच बघत असायचे, त्याला इलाज नव्हता.

जानेवारीत एका रविवारी पप्पांना लग्न नव्हतं. बापलेक मेट्रोने वर्सोव्याला गेले, आणि तिथून रिक्षाने धक्क्यावर. मढला जाणारी फेरी बोट सुटायच्या बेतात होती. खाडीवर सीगल होते, पण लांब, लाटांवर बसलेले. पांढरे ठिपके नुसते. बोट सुटली. पप्पा मागे थांबले आणि श्रुतिका कठड्याला टेकून उभी राहिली, डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. आणि एकाएकी काय झालं, तर सगळे सीगल उठून बोटीमागे आले. इतके जवळ, इतके खाली, की पंखांचा आवाज ऐकू येत होता. तिने दाबलं, वळली, दाबलं, पुन्हा वळली. आनंदाने तिच्या तोंडून सारखा काहीतरी आवाज निघत होता. मढला उतरल्यावर तिने पप्पांना मिठीच मारली. परतीच्या बोटीतही तसंच झालं.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडले. एक तर असा आला होता की बस. सीगलचे दोन्ही पंख पूर्ण पसरलेले, मागे वर्सोव्याच्या होड्यांचे रंग विरघळलेले, आणि डोळा टाचणीच्या टोकासारखा स्पष्ट. श्रुतिकाने तो मोठा केला. अजून मोठा केला. चोचीत काहीतरी पिवळं होतं.

ती उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. पप्पांचा शर्ट खुंटीला होता. खिशावर तेलाचा डाग होता, आणि खिशात गाठ्यांचं रिकामं पाकीट.

"पप्पा, तुम्ही गाठ्या टाकत होतात."

पप्पा चहा पीत होते. त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, लग्नात नाही का आपण करत? अक्षता नीट आल्या नाहीत तर सगळ्यांना म्हणतो, पुन्हा टाका. हार नीट आला नाही तर पुन्हा घाला. म्हणून लग्न खोटं होतं का? ती चोचीतली पिवळी काडी ते दोन मिनिटांत पुसून देणार होते. कुणाला कळणार होतं?

श्रुतिकाला राग आला होता, पण तो नेमका कुठे ठेवावा हे कळेना.

"मॅडमनी नको सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं ते."

"सांगितलं होतंस." पप्पांनी कप खाली ठेवला. "परवा डबा विसरलीस, तो द्यायला शाळेत आलो होतो. जिन्यासमोर ती चौकट दिसली. खाली आपलं नाव आणि वर नुसती भिंत. माझ्याने बघवेना गो."

तिच्या अर्ध्या रागाचं पाणी झालं. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, आणि विचारलं की पूर्वी, रोलचा कॅमेरा असताना, अक्षता कशा यायच्या. तेव्हा तर पुन्हा पुन्हा काढणं परवडत नसणार.

पप्पांचा चेहराच बदलला. ते उठले, माळ्यावरचा एक जाडजूड अल्बम काढला, धूळ फुंकली आणि एक पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. कुणाचं तरी लग्न. अंतरपाट नुकताच खाली आलेला, आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर हवेत थांबलेल्या अक्षता. एक एक दाणा वेगळा मोजता आला असता. एका म्हाताऱ्या बाईच्या नाकाच्या शेंड्याशी एक दाणा येऊन थबकला होता, आणि तिला ते अजून कळलेलं नव्हतं.

"तांदूळ दिसले आणि तू दाबलंस, तर फोटोत काय येणार? डोक्यावर पडलेले तांदूळ," पप्पा म्हणाले. "डोळ्याला दिसलं म्हणजे ते होऊन गेलेलं असतं. मंगलाष्टकं ऐकायची. शेवटचं 'सावधान' आलं की तांदळांकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. मूठ आवळली जाते, कोपर मागे जातं. तेव्हाच दाबायचं."

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं. जे आलं ते आलं." ते अल्बमवरून बोट फिरवत राहिले. "आता पुन्हा टाका म्हणायची सवय लागली. गुडघे पण दुखतात हल्ली."

श्रुतिकाने तो फोटो मोबाइलवर घेतला आणि कितीतरी वेळा बघितला. तिला त्यात तांदूळ दिसत नव्हते, हातच दिसत होते.

प्रदर्शनाच्या आधीचा रविवार आला तो लग्नाचा मुहूर्त घेऊनच. पप्पांना पहाटेच निघावं लागलं. जाताना ते म्हणाले, सीगलचा फोटो आहेच, काळजी करू नको. श्रुतिका एकटी वर्सोव्याला जाते म्हणाली, तर आईने एका शब्दात नाही म्हटलं. मग थोडा वेळ भांडी लावत राहिली, आणि म्हणाली की सुके बोंबील आणि जवळा संपलाय, तेवढ्यासाठी तिला वर्सोव्याला जायचंच होतं. हे श्रुतिकाने पहिल्यांदाच ऐकलं. बोंबील नाक्यावरही मिळतात. पण तिने तोंड बंद ठेवलं, आणि तेही तिच्यासाठी अलीकडे नवीनच होतं.

ओहोटी होती. खाडी मागे गेली होती आणि होड्या चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या. किनाऱ्यावर वलांडी उभ्या, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे उंच मांडव, आणि त्यांवर बोंबील कपड्यांसारखे लटकलेले. खाली बायका कावळ्या-घारींवर नजर ठेवून बसलेल्या. आईने पिशवी काढली आणि एकीशी भावाची चर्चा सुरू केली. श्रुतिका धक्क्याच्या कडेला गेली.

सीगल लांब होते आणि आज त्यांना बोलवायचं नव्हतं. घारी उंचावर होत्या. जवळ असा एकच पक्षी होता, आणि त्याच्याकडे तिने आधी दोनदा बघून दुर्लक्ष केलं होतं. होडीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, नांगरापर्यंत ताणलेल्या दोरावर तो बसला होता. मातकट, रेघारेघांचा, मान खांद्यात घातलेला. चिखलातूनच एक गोळा उचलून दोरावर ठेवावा असा. मॅडमनी स्लाइडवर दाखवला होता तो, बगळ्याच्या कुळातला वंचक. त्याला बघून कुणी 'वा' म्हणणार नाही, श्रुतिकाच्या मनात आलं. आणि मग आलं की आपल्याला बघूनही आठवीपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं.

तिने कॅमेरा उचलला आणि त्याचा पिवळा डोळा पकडला.

वंचक ढिम्म हलेना. उन्हं चढली. हात भरून आले. रिक्षावाले निदान हलत तरी होते. एकदा त्याने मान लांब केली, तिचं बोट शिवशिवलं, पण त्याने पुन्हा मान आत घेतली. एकदा दोरावर बसल्या बसल्याच खालच्या चिखलात चोच मारून त्याने काहीतरी गिळलं आणि पुन्हा जैसे थे. मागून आई आली. तिचा बाजार आटोपला होता. अजून किती वेळ, त्या पलीकडच्या पांढऱ्या बगळ्याचा का काढत नाहीस, हा तर किती काळपट आहे, उन्हात टोपी घातली असतीस तर, असं तिचं हळू आवाजात चालू होतं. श्रुतिकाने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. आईनेही मग पिशवी खाली ठेवली आणि आपल्या ओढणीची सावली लेकीच्या डोक्यावर धरून उभी राहिली.

वाऱ्याची एक झुळूक आली. वंचक दोरावर फिरला आणि वाऱ्याकडे तोंड करून बसला.

श्रुतिकाने श्वास धरला. मूठ आवळली, तिने मनात म्हटलं.

पक्षी गुडघ्यात वाकला. आणि त्याच्या शेपटीखालून पांढरी पिचकारी सुटली.

"शी," आई म्हणाली.

श्रुतिकाने तेव्हाच दाबलं. अजून काहीही झालेलं नव्हतं तेव्हा. मग दोर हलला आणि त्या मातीच्या गोळ्यातून दोन पंख निघाले, पांढरे, धुतल्यासारखे पांढरे, आणि तो पक्षी होड्यांवरून, चिखलावरून, वलांडींवरून खाडीच्या पलीकडे निघून गेला. कमरेतून वळत, पाय न हलवता तिने त्याला नजरेआड होईपर्यंत सोडलं नाही. तिला नंतर कळलं की ती बटण दाबतच राहिली होती.

आई हसत होती. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग थांबली, आणि खाडीकडे बघत म्हणाली, "हा एवढा पांढरा होता? मग आत कुठे ठेवला होता सगळा?"

दोघी धक्क्यावरच बसून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघू लागल्या. नंतरचे बहुतेक धूसर होते, काहींत नुसती शेपटी. पहिल्या झटक्यात आलेला एकच जमला होता. दोर अजून थरथरतोय, पाय अजून दोराला टेकलेच आहेत, एक पंख पूर्ण उघडलाय, अंगातला सगळा पांढरा एकदम बाहेर पडलाय. आणि डोळा. डोळ्यात सूर्याचा बारीक ठिपका. पण पंख तिच्या अंदाजापेक्षा जास्त रुंद उघडले होते, आणि दुसऱ्या पंखाचं टोक फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

"कापला गेला," श्रुतिका म्हणाली.

"मग काय झालं?" आई म्हणाली. "मी होते ना इथे. मी बघितला पूर्ण."

संध्याकाळी पप्पा लग्नाहून आले ते बगलेत एक मोठं, ब्राउन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊनच. येताना ते दुकानात थांबले होते. त्यांनी जेवणाआधीच कागद सोडला. सीगल. चौकटीच्या बरोबर मापाचा, भोवती पांढरी किनार, चांगल्या कागदावर. चोचीतला गाठीचा तुकडा असा पुसला होता की आईलासुद्धा शोधून सापडला नाही. लग्न आटोपल्यावर दुकानात ते पुसत बसले असणार. त्यांनी तो टीव्हीला टेकवून ठेवला आणि लांब उभे राहून बघितला. सुंदरच होता तो. खोटं कशाला सांगा, कुणाच्याही भिंतीवर शोभला असता. केयूरची बोलती तिथेच बंद झाली असती.

श्रुतिकाने कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि वंचक उघडला.

पप्पा चष्मा लावून पुढे वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांनी डोळा बघितला, दोर बघितला, पंख बघितला. मग त्यांची नजर कडेला गेली.

"कधी दाबलंस?" त्यांनी विचारलं.

"कोपर मागे गेलं तेव्हा."

आईने ताटं मांडली. सुक्या बोंबलांचं कालवण होतं, आणि तिने आज पहिला बोंबील पप्पांच्या ताटात न वाढता लेकीच्या वाढला. पप्पा जेवायला बसले तरी त्यांचं लक्ष एकदा टीव्हीला टेकलेल्या सीगलकडे आणि एकदा कॉम्प्युटरकडे जात होतं. हा पण छान आहे, ते म्हणाले, पण प्रदर्शनात लोक काय बघणार, कापलेला पंखच बघणार. त्यांच्या धंद्यात नवरीचा हात जरी कापला गेला तरी घरचे अल्बम परत करतात. तो पंख कॉम्प्युटरवर पूर्ण करून देता येईल का, हेही त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं विचारून बघितलं, आणि मग आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी घास घेतला.

श्रुतिकाने हात धुतले. टीव्हीजवळ जाऊन सीगल उचलला, एकदा नीट बघितला, आणि तो पप्पांच्या खुर्चीमागच्या भिंतीला, त्यांना उठल्याबसल्या दिसेल असा टेकवून ठेवला. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. गणपतीत माईक हातात असताना उभी होती तशी, फक्त आवाज तेव्हापेक्षा खाली होता.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "हा सीगल आपल्या घरात राहणार, कारण तो पप्पांनी माझ्यासाठी बोलावला होता. शाळेतल्या चौकटीत वंचक लागणार, पंख कापलेलाच. आणि आई, अभ्यास सगळा करीन, पण पप्पांच्या पुढच्या लग्नाला मी जाणार, दुसरा कॅमेरा घेऊन. अक्षता मी घेणार. आल्या तर आल्या, पप्पा. कुणालाही पुन्हा टाका म्हणायचं नाही."